एचडीएमआय केबल जोडली की झाले, असे नाही

संपादक महोदय,

जुना ऑल-इन-वन संगणक (पडदा आणि संगणक एकाच खोक्यात असलेला) मंदावला की तो लॅपटॉपला जोडून दुसरा मॉनिटर म्हणून वापरा, हा सल्ला तंत्रज्ञानाच्या सदरांतून वरचेवर दिला जातो. सल्ला वाईट नाही; चांगला धडधाकट पडदा भंगारात द्यायला जिवावर येतेच. पण तो 'एचडीएमआय केबल जोडा' एवढ्यावरच संपतो आणि लोक केबल आणून काळ्या पडद्यासमोर बसतात.

बहुतेक ऑल-इन-वनवरचे एचडीएमआय पोर्ट चित्र बाहेर पाठवण्यासाठी असते, आत घेण्यासाठी नाही. दोन्हींचा आकार एकच, त्यामुळे केबल बसते. पण दोन्ही टोकांना पाठवणारेच असतील तर चित्र घेणार कोण? पोर्टापाशी 'इन' असे छापलेले असेल किंवा कडेला इनपुट बदलण्याचे बटण असेल तरच पुढे जावे. डेल, एचपी, लेनोव्हो यांच्या काही मॉडेलांत ही सोय आहे, सगळ्यांत नाही. तेव्हा मागच्या लेबलवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन माहितीपुस्तिका पाहावी.

अ‍ॅपलच्या ऑल-इन-वनची, म्हणजे आयमॅकची गोष्ट वेगळी. त्याला बाहेरच्या संगणकाचा पडदा बनवणारी 'टार्गेट डिस्प्ले मोड' ही सोय २००९ अखेरच्या व २०१०च्या फक्त २७ इंची मॉडेलांत आहे आणि तिथे मिनी डिस्प्लेपोर्ट (चित्र वाहून नेणारी एक जोडणी) केबल चालते. २०११ ते २०१४च्या मध्यापर्यंतच्या आयमॅकना मात्र थंडरबोल्ट (चित्र आणि डेटा दोन्ही नेणारी जोडणी) केबलच हवी, आणि पाठवणारा संगणकही थंडरबोल्टचाच. इथेच फसगत होते, कारण मिनी डिस्प्लेपोर्टची पिन त्या पोर्टात अगदी व्यवस्थित बसते, फक्त चित्र येत नाही. खऱ्या थंडरबोल्ट केबलच्या टोकावर विजेची खूण असते. शिवाय आयमॅकवर मॅकओएस हाय सिएरा किंवा त्याआधीची प्रणाली हवी. पाठवणारा मॅक २०१९पर्यंतचा आणि कॅटालिना किंवा त्याआधीच्या प्रणालीवरचा हवा. आयमॅकवर लॉगिन करून त्याच्याच कीबोर्डवर कमांड आणि एफ२ दाबायचे. फंक्शन कळांची सेटिंग बदललेली असेल तर जोडीला एफएनही. २०१४ अखेरच्या ५के आयमॅकपासून ही सोय गेली. ५१२० बाय २८८० बिंदूंचे चित्र वाहून नेण्याची ताकद तेव्हाच्या एका केबलमध्ये नव्हती.

विंडोज १० किंवा ११ असेल तर बिनतारी मार्ग आहे. जुन्या संगणकावर ऑप्शनल फीचर्समधून 'वायरलेस डिस्प्ले' बसवावे, सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'प्रोजेक्टिंग टू धिस पीसी' चालू करावे आणि लॅपटॉपवर विंडोज व के दाबून जोडावे. दोन्हीकडच्या वायफायला मिराकास्ट (बिनतारी चित्र पाठवण्याची पद्धत) जमले पाहिजे. माऊस किंचित मागे रेंगाळतो. पत्रव्यवहार, तक्ते यांना चालेल. व्हिडिओ संपादनाला नाही.

मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य बोर्ड) गेलेलाच असेल तर उरतो कंट्रोलर बोर्ड, म्हणजे केबलमधले चित्र थेट पडद्याला देणारा बाहेरचा बोर्ड, आणि खरे तर हाच सर्वांत टिकाऊ उपाय. पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा पडद्याचा भाग, बाहेर काढून त्याच्या पाठीवरचा क्रमांक वाचावा आणि बोर्ड त्या क्रमांकासाठीच मागवावा. 'सगळ्या २१ इंचींना चालतो' असे सांगणाऱ्याकडून घेऊ नये. पॅनल एलव्हीडीएसचे की ईडीपीचे (पॅनलला चित्र पोचवण्याच्या या दोन पद्धती) हे आधी ठरवावे, कारण दोघांचे बोर्ड वेगळे. बॅकलाइट (पडद्यामागचा उजेड) एलईडीचा असेल तर त्याला वीज देणारा ड्रायव्हर, जुनी सीसीएफएल नळी (बारीक ट्यूबलाइट) असेल तर इन्व्हर्टर लागतो. सर्वांत महागात पडते ती बोर्डावरची इवलीशी जम्पर पट्टी. तिच्यावर पॅनलचा व्होल्टेज निवडायचा असतो: ३.३, ५ किंवा १२ व्होल्ट. पाचच्या पॅनलला बारा दिले की ते क्षणात जळते, दुरुस्ती नाही. पॅनलच्या डेटाशीटमधला (तांत्रिक माहितीपत्रकातला) आकडा पाहिल्याशिवाय वीज जोडू नये.

पॅनल काढण्याचे कामही सारखे नसते. २०११पर्यंतच्या आयमॅकची काच लोहचुंबकांवर बसलेली असते, रबरी सक्शन कपाने निघते. २०१२ अखेरपासूनच्या सडपातळ मॉडेलांत ती पॅनलसकट चिकटपट्टीने डकवलेली असते. पट्टी कापावी लागते आणि बसवताना नवी लावावी लागते. आतला पॉवर सप्लाय उघडाच असतो. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) विजेचा जीवघेणा दाब काही काळ राहतो, तेव्हा त्याला हात लावू नये. बोर्ड बदलल्यावर मूळ कॅमेरा चालत नाही. स्पीकर मात्र बोर्डावर ध्वनीची जोडणी असेल तर जोडता येतात.

आपले,
संगणक दुरुस्ती करणारे काही तंत्रज्ञ