अण्णा, कोंबड्यांचं कुणी बोललंच नाही

आदरणीय अण्णा,
सा. न. वि. वि.

गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त होतानाच्या तुमच्या निरोप समारंभात गाई-म्हशींवर पुष्कळ बोलणं झालं. अडलेली म्हैस मध्यरात्री सोडवलीत, लाळ्या-खुरकुताची लस घेऊन भर उन्हात वाड्या-वाड्या फिरलात, लम्पीच्या साथीत रजा घेतली नाहीत, सगळं खरंच आहे. पण कोंबड्यांचं नाव कुणी काढलं नाही. आमच्या सिल्कींचं, म्हणजे त्या रेशमी पिसांच्या चिनी मुळाच्या कोंबड्यांचं, तर नाहीच नाही. शाल-श्रीफळाच्या गर्दीत मला पुढे येऊन बोलणं जमलं नसतं. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. तुम्ही जे सांगितलंत ते आणखी चारजणांच्या कामी यावं अशी इच्छा आहे.

पहिले आभार तुम्ही हसला नाहीत याचे. आपल्याकडे कोंबडीचा हिशेब ठरलेला असतो. अंडी द्यावीत, नाहीतर वड्यांबरोबर ताटात यावं, नाहीतर राखणदाराला जावं. त्यात जेमतेम किलोभर वजनाची, काळ्या कातडीची, निळसर कानांची, पायालाही पिसं असलेली कोंबडी दिसली की माणसं पहिलं विचारतात, ‘कडकनाथ काय?’ आणि दुसरं, ‘मग उपयोग काय?’ कडकनाथचा प्रश्न तसा अगदीच चुकीचा नाही. झाबुआची कडकनाथ आणि चिनी मुळाची सिल्की, दोघींच्या काळेपणामागे जनुकांमधला एकच बदल आहे. दुसऱ्या प्रश्नाने मात्र वीट आणला होता. तुम्ही श्रेणी दोनच्या त्या दवाखान्यात टेबलावर वर्तमानपत्र पसरलंत, पाखरू उलटंसुलटं करून बघितलंत, पायाची बोटं मोजलीत (चार असतात तिथे पाच), आणि एवढंच विचारलंत, “कुणासाठी घेतल्यात?”

सासूबाईंसाठी. त्यांनी आयुष्यभर गावठी कोंबड्या पाळल्या. खुब्याचं हाड मोडलं आणि हातात वॉकर आला, तेव्हा त्या म्हणाल्या, “माझ्यान आता धावाक जमणा नाय.” गावठी कोंबडी म्हणजे धावणं आलंच. संध्याकाळी ती फणसावर चढते, अंडी गवताच्या गंजीत घालते, आणि पकडायला गेलात की अख्खं परडं फिरवते. सिल्की यातलं काही करत नाही. खुर्चीच्या पायाशी येऊन बसते, उचलली तर मांडीवर बसते, आणि तिथेच डोळे मिटते. पहिल्यांदा मांडीवर घेतली तेव्हा सासूबाई पिसांत बोटं घालून म्हणाल्या, “अगो, ही कोंबी काय मांजर?” सातशे वर्षांपूर्वी मार्को पोलोनेही चीनमधल्या कोंबड्यांबद्दल हेच लिहून ठेवलंय, की यांना पिसं नाहीत, मांजरासारखे केस आहेत, रंग काळा आहे आणि अंडी चांगली देतात. हे मी त्यांना सांगितलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांचं म्हणणं, डोळे असलेल्या कुणालाही ते दिसेल.

आता मुख्य गोष्ट. या पाखरांना सगळे ‘गरीब’ म्हणतात, मीही म्हणत होते. तुम्ही त्यांचं एक पीस उजेडात धरून दाखवलंत. साध्या पिसाच्या तंतूंना बारीक आकड्या असतात, त्या एकमेकींत अडकतात आणि पिसाचं सपाट पातं बनतं. सिल्कीच्या पिसात त्या आकड्या धडपणे तयारच होत नाहीत, म्हणून पीस मोकळं, रेशमासारखं राहतं. मग तुम्ही जे म्हणालात ते मला जसंच्या तसं आठवतं: “स्वभावाने शांत आहेत, ते खरं. पण निम्मी गरिबी ही नाइलाजाची आहे. हिला उडता येत नाही, पाऊस झटकता येत नाही, आणि डोक्यावरच्या गोंड्यामुळे नीट दिसतही नाही. पळून जाणार कुठे? तेवढं तुम्ही सांभाळायचं.”

या एका बोलण्याने आमचं पाळणंच बदललं. उचलण्याआधी आवाज द्यायचा, कारण वरून आलेला हात तिला दिसत नाही आणि घार आली असंच तिला वाटतं. डोळ्यांभोवतीची पिसं नखं कापायच्या कात्रीने गोल कापायची. रबराने गोंडा बांधू नका म्हणालात, पोरं बांधतात आणि विसरतात. पाचवं बोट जमिनीला टेकत नाही, त्याचं नख झिजत नाही आणि वाढत जाऊन गोल वळतं, म्हणून तेही अधूनमधून कापायचं. पायाच्या पिसांत चिखल वाळून गोळा झाला तर ओढायचा नाही, कोमट पाण्यात भिजवून सोडवायचा. छोट्याच गोष्टी, पण एकही मला कुणी विकताना सांगितली नव्हती.

विकणाऱ्याचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. आम्हाला ‘एक नर, बाकी माद्या’ अशी खात्री देऊन पिल्लं विकली होती. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, “सिल्कीचं नर-मादी पाच-सहा महिने कुणाच्या बापाला कळत नाही. थांबा.” थांबलो. माद्यांपैकी काहींच्या गोंड्यामागे लांब पिसं फुटली, तुरा फुगला, आणि एका पहाटे त्या माद्या आरवल्या. जास्तीचे नर कुठे द्यावेत हेही तुम्हीच बघून दिलंत, आणि ते ताटात जाणार नाहीत अशा ठिकाणी दिलेत. त्याचे वेगळे आभार.

पावसाचं तर विचारूच नका. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात पाण्याने थेट कातडीपर्यंत भिजणारी कोंबडी पाळायची, ही कल्पनाच मुळात धाडसाची. तुम्ही मे महिन्यात घरी आलात, खुराडं कुठे ठेवलंय ते बघितलंत आणि सरळ हलवायला लावलंत. पडवीच्या आतल्या अंगाला, जमिनीपासून वर, खाली भाताच्या तुसाचा जाड थर, आणि पावळीच्या बाजूने झड. आत बसायला दांडी वीतभर उंचीवरच, कारण यांना चढता येत नाही, बहुतेक जणी खालीच एकमेकींना चिकटून झोपतात. तूस ओलं झालं की त्याच दिवशी बदलायचं. पिल्लांना होणारी रक्ती हगवण या ओलीतूनच येते, हे तुम्ही इतक्यांदा बजावलंत की आमचा धाकटा आता तूस मुठीत दाबून बघितल्याशिवाय शाळेत जात नाही.

मानेची गोष्ट मात्र सविस्तर लिहायलाच हवी, कारण वाडीत अजून तिची चुकीची आवृत्ती फिरते आहे.

आमच्या पांढऱ्या कोंबडीची मान एका सकाळी उलटी झाली. डोकं पाठीकडे वळलेलं, चालायला जावं तर मागे मागे जायची आणि कोलमडायची. शेजारपाजारच्यांनी एकमुखाने निकाल दिला, मानमोडी, म्हणजे कोंबड्यांची राणीखेतची साथ. आता सगळ्या जाणार, आजच सगळ्या काढून टाका. लोकांचीही चूक म्हणता येत नाही. मानमोडी ज्या घराने बघितली आहे, ते घर असंच बोलणार. तुम्ही फोनवर आधी प्रश्न विचारलेत. बाकीच्यांपैकी कुणी मलूल आहे का? श्वासाला घरघर आहे? विष्ठा हिरवी-पांढरी पातळ आहे? लस कधी दिली होती? सगळी उत्तरं ‘नाही, नाही, नाही’ आणि ‘वेळेवर’ अशी आली, तरी तुम्ही तिला वेगळी ठेवायला लावलंत, आणि आल्यावर तिच्या गोंड्याखाली बोट फिरवलंत. तिथे टोचल्याची ताजी जखम होती. शेजारचा गावठी कोंबडा कुंपणावरून आला होता. काही सिल्कींची कवटी गोंड्याखाली उंच वाढलेली असते आणि तिथे हाड पुरतं जुळलेलं नसतं, त्यामुळे साधी टोचही थेट मेंदूपर्यंत लागते, हे मला तेव्हा कळलं.

मग ई जीवनसत्त्व आणि बी कॉम्प्लेक्स, अंधारातलं डालगं, आणि हाताने भरवणं. सासूबाईंनी ते काम अंगावर घेतलं. खुर्चीत बसून, मान हलकेच सरळ धरून, भिजवलेल्या कण्या एकेक चिमूट. तुम्ही “बरी होईलच” असं एकदाही म्हणाला नाहीत. “पाणी पोटात जातंय तोवर सोडायचं नाही,” एवढंच म्हणालात. काही आठवड्यांनी मान सरळ झाली. आजही घाबरली की थोडी तिरकी होते. आणि कुंपण आता उंच आहे.

पण दुसऱ्या वेळी तुम्ही तितक्याच सरळपणे नाही म्हणालात, तेही मला महत्त्वाचं वाटतं. करड्या तलंगेचा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीचा, एक पाय पुढे आणि एक मागे ताणलेला दिसला. तुम्ही बघताक्षणी मॅरेक या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाचा संशय बोलून दाखवलात. याला औषध नाही, लस पहिल्याच दिवशी द्यायची असते, नंतर देऊन उपयोग नाही, आणि सिल्कीत हा रोग जरा जास्तच दिसतो. टॉनिकच्या बाटल्या लिहून देणं सोपं होतं. तुम्ही ते केलं नाहीत. ती गेली तेव्हा हातात प्लास्टिकची पिशवी घालून उचला, खोल पुरा, वर चुना टाका, हेही तुम्हीच सांगितलंत. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा तुमची नेमणूक तिथे झाली होती, हे तुम्ही फक्त त्या दिवशी बोललात. खुराड्यासाठी वेगळ्या चपला ठेवण्याचा तुमचा हट्ट कुठून आला ते मला त्या दिवशी समजलं.

तुमचं सगळ्यात मोठं काम मात्र आमच्या घरापुरतं नाही. मानमोडीवरच्या लासोटा लसीची बाटली शंभर आणि त्याहून जास्त मात्रांची येते, आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. परसात दहा-बारा पाखरं असणारा माणूस ती आणणार कशाला? म्हणून कुणीच आणत नव्हतं, आणि दर काही वर्षांनी मानमोडी येऊन अख्खी वाडी रिकामी करत होती. तुम्ही आमच्या सिल्कींच्या निमित्ताने वाडीची लसीची सकाळ ठरवलीत. आदल्या रात्री ज्याने त्याने कोंबड्या डालून ठेवायच्या, सकाळी उजाडायच्या आत तुम्ही बर्फाच्या थर्मासातून बाटली काढायची, आणि घरोघर फिरून पिल्लांच्या डोळ्यात एकेक थेंब. दोन महिन्यांच्या पुढच्यांना आरटूबी ही मानमोडीचीच दुसरी लस, तीही नीट खातीपिती असेल तरच. ज्यांनी आमच्या ‘मांजरकोंबड्यां’ना नावं ठेवली, तेच आता आदल्या दिवशी विचारतात, “उद्या किती वाजता?”

आणि खुडूक बसण्याचा गुण! सिल्की वर्षाला शंभर-सव्वाशे अंडी देते, तीही लहान, कारण बाकीचा वेळ ती खुडूकच असते. खुडूक मोडायला नाकात पीस ओवतात, पाण्यात बुचकळतात. तुम्ही म्हणालात, हिच्यावर ते करू नका, हिचा हाच गुण वापरा. तेव्हापासून वाडीतली गावठी अंडी आमच्याकडे येतात. एकीखाली पाच-सहा मावतात. सातव्या रात्री टॉर्चवर धरून सासूबाई फोल अंडी बाजूला काढतात, दिवसातून एकदा कोंबडीला हाताने उठवून दाणापाणी करायला लावतात, आणि एकविसाव्या दिवशी शेजाऱ्यांना निरोप पाठवतात. फणसावर चढणाऱ्या जातीची पोरं न उडणारी आई वाढवते आणि ती पंख फुटल्यावर तिच्याच डोक्यावरून उडून जातात. ती खाली बघत राहते. दिसत नसावंच तिला.

अण्णा, निवृत्तीनंतर तुम्ही देवगडला घरी राहणार असं कळलं. तुमच्या नातीने मागच्या वेळी मागितल्या होत्या, त्या बाजूला ठेवल्या आहेत. एकटी देणार नाही, दोन देईन. एकटं पाखरू ठेवू नये हे तुमचंच सांगणं. दोन्ही तलंगाच आहेत. सहा महिने थांबून, गोंडे बघून, मगच लिहिते आहे.

आपली,
परसदारच्या सिल्कीवाली वहिनी