‘एका रात्रीत’ नव्हे, सहा वर्षांत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकी कवयित्री अमांडा गोरमन हिच्यावर आलेला लेख वाचला. लेख वाचनीय आहे. परंतु ‘एका रात्रीत जगप्रसिद्ध’ हे त्याचे सूत्र वस्तुस्थितीला धरून नाही, आणि खेड्यापाड्यांत लिहिणाऱ्या मुलांची त्याने दिशाभूल होते, म्हणून हे पत्र.

२० जानेवारी २०२१ रोजी जो बायडेन यांच्या शपथविधीत तिने कविता वाचली तेव्हा ती २२ वर्षांची होती आणि अमेरिकी अध्यक्षांच्या शपथविधीत इतक्या लहान वयात कोणी कविता वाचलेली नव्हती, हे खरे. पण लॉस एंजेलिसने तिची पहिली युवा राजकवी म्हणून निवड केली ती २०१४ मध्ये, ती १६ वर्षांची असताना. (राजा नसलेल्या देशात ‘राजकवी’ म्हणणे जरा विनोदीच, पण दुसरा शब्द रुळलेला नाही.) २०१६ मध्ये तिने मुलांना लिहिते करण्यासाठी ‘वन पेन वन पेज’ ही संस्था काढली. २०१७ मध्ये ती देशाची पहिली राष्ट्रीय युवा राजकवी झाली, आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस या वॉशिंग्टनमधील ग्रंथालयातले तिचे काव्यवाचन जो बायडेन यांच्या पत्नी जिल यांच्या पाहण्यात आल्यामुळेच पुढे शपथविधीचे निमंत्रण तिच्यापर्यंत पोहोचले. म्हणजे आधी शहर, मग देश, मग ग्रंथालय आणि शेवटी राजधानीची पायरी. यातली एकही पायरी तिला झोपेत सापडलेली नाही.

शपथविधीतल्या तिच्या पिवळ्या कोटाला लेखात अर्धा परिच्छेद मिळाला आहे आणि कार्यकर्तेपणाला जेमतेम एक ओळ. वास्तविक ६ जानेवारीला अमेरिकी संसदेवर जमाव चालून गेला तेव्हा ही कविता निम्मीच लिहून झाली होती आणि उरलेली तिने त्यानंतर पुरी केली. त्या कवितेतून नागरिक म्हणून तिने घेतलेली भूमिका वजा केली तर मागे केवळ पोशाख उरतो. तिला लहानपणापासून उच्चारदोष होता आणि स्वतःच्या आडनावातलाच ‘र’ तिला कॉलेजच्या वयापर्यंत नीट उच्चारता येत नसे, हेही लेखात यायला हवे होते. तीस वर्षे मराठी शिकवताना मी एकाही बोबड्या मुलाला पाठांतर स्पर्धेत उभे केले नाही, हे इथे कबूल केलेले बरे.

आता आपल्याकडचे. गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका कविसंमेलनात बारावीतली एक मुलगी आली होती. दीपप्रज्वलन, सत्कार आणि प्रमुख पाहुण्यांचे पाऊण तासाचे भाषण होऊन तिची पाळी लागली तेव्हा पावणेअकरा वाजले होते आणि मागच्या रांगांतल्या खुर्च्या एकात एक घालायला सुरुवात झाली होती. माइक तिच्या कपाळाच्या उंचीला होता. तो खाली करून द्यायला कोणी उठले नाही, तिने टाचा उंचावून वाचले. कविता खाडीवर होती : ओहोटीला गुडघाभर चिखलात तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) काढणारी तिची आजी, आणि पलीकडे रात्रभर वाळू ओढणारा सक्शन पंप. कविता संपवून ती वाळूउपशाविरुद्धच्या अर्जावर सह्या मागू लागली, तेव्हा निवेदकांनी माइक हातात घेऊन ‘बाळा, इथे फक्त कविता’ असे हसत सांगितले. सभागृहही हसले. आमच्याकडे ‘पोरगी धीट आहे’ हे कौतुक आहे की तक्रार, ते बोलणाऱ्याच्या भुवयांवरून ओळखावे लागते.

कवीची उपेक्षा आपल्याला नवी नाही. याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडला १८६६ मध्ये जन्मलेल्या केशवसुतांनी आपल्या कवितेचे पुस्तक हयातीत पाहिले नाही. १९०५ मध्ये ते गेले आणि संग्रह त्यानंतर हरि नारायण आपटे यांनी काढला. आज मालगुंडला त्यांचे देखणे स्मारक आहे. माझे म्हणणे इतकेच की स्मारकाच्या आधीची एखादी पायरी आपण बांधावी. तालुक्याच्या ग्रंथालयाने दरवर्षी एका विद्यार्थी-कवीची निवड करावी, वर्षभरात त्याची चार-पाच वाचने शाळांतून ठरवावीत, आणि तो गावच्या प्रश्नावर बोलला तर माइक काढून घेऊ नये. याला फार मोठा निधी लागत नाही. शाल-श्रीफळांवर होतो त्याहून कमीच लागेल.

आपणही पुरवणीचा एक कोपरा महिन्यातून एकदा जिल्ह्यातल्या विशीच्या आतल्या कवींना द्यावा, ही विनंती. त्या मुलीला तिची कविता आपल्याकडे पाठवायला मी सांगितले आहे. सह्यांचा अर्जही ती सोबत जोडणार आहे. तो मात्र कृपया बाजूला काढून ठेवू नये.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त मराठी शिक्षक,
ता. जि. रत्नागिरी