गार्गीच्या शाळेबद्दल, प्लेनोहून

प्लेनो, टेक्सास
फेब्रुवारी २०२६

प्रिय स्नेहल,

तुझा प्रश्न फोनवर अर्धवटच राहतो. तिकडे गार्गी मध्ये बोलते, इकडे निनादची झोपायची वेळ झालेली असते. म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवते. अमोलरावांनाही वाचायला दे.

नागपुरात, मानेवाड्यात तुमच्या मागच्या गल्लीत महानगरपालिकेची शाळा आहे, चालत दहा मिनिटांवर. दुसरं ते रिंग रोडपलीकडचं कॉन्व्हेंट, ज्याची व्हॅन पोरांना पावणेसातलाच उचलते. गार्गी जूनमध्ये पहिलीत जाणार. पालिकेची शाळा म्हटली की घरात सगळे गप्प होतात, असं तू म्हणालीस. आणि मग विचारलंस, "ताई, तू तिथे सरकारीच शाळा घेतलीस ना? कशी पारखलीस?"

इथे सरकारी शाळेत मूल घालण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, हे आधी सांगते. पण शाळा आपण निवडत नाही, घर निवडतो. पत्त्यावरून शाळा ठरते. लाइटबिल किंवा भाडेकरार, जन्मदाखला आणि लसीकरणाचा कागद दिला की प्रवेश झाला. फी नाही, मुलाखत नाही. १ सप्टेंबरला मुलाला पाच वर्षं पूर्ण असली की किंडरगार्टन. त्यामुळे सगळी चढाओढ घरांच्या भाड्यात दिसते. घर शोधायच्या वेबसाइटवर घराच्या फोटोखालीच जवळच्या शाळेचा दहापैकी आकडा असतो. ग्रेटस्कूल्स नावाची संस्था तो देते. शिवाय टेक्सास राज्य प्रत्येक शाळेला ए ते एफ अशी श्रेणी देतं, ते वेगळंच.

घर शोधताना आमच्यापुढे दोन वस्त्या होत्या. एकीच्या शाळेला आकडा मोठा, दुसरीच्या शाळेला मध्यम. भाड्यातही नेमका तेवढाच फरक. मी खोदायला लागले तेव्हा कळलं की प्राथमिक शाळेची श्रेणी बहुतेक सगळी स्टार नावाच्या राज्य परीक्षेवर उभी आहे. ती परीक्षा तिसरीपासून सुरू होते, वाचन आणि गणित, पाचवीला विज्ञानही. म्हणजे किंडरगार्टन, पहिली आणि दुसरी, ज्या तीन वर्षांत मूल वाचायला शिकतं, त्या वर्षांची एकही परीक्षा त्या आकड्यात धरलेली नाही. मला तर नेमकं तेच बघायचं होतं.

मोठ्या आकड्याच्या शाळेतली बरीच मुलं घरूनच वाचायला शिकून आलेली. आई-वडील दोघं शिकलेले, घरात पुस्तकं, संध्याकाळी शिकवणी. अशी मुलं कुठेही गुण मिळवतील, त्यात शाळेचं श्रेय किती हे त्या आकड्यावरून समजत नाही. मध्यम आकड्याच्या शाळेत अनेक घरांत स्पॅनिश बोलली जाते, पुष्कळ मुलांना जेवण मोफत मिळतं. पण राज्याच्या सविस्तर अहवालात प्रगतीचा वेगळा रकाना असतो. तेच मूल मागच्या वर्षी कुठे होतं आणि यंदा कुठे पोचलं, तसंच तेवढ्याच गरीब वस्तीतल्या इतर शाळांच्या तुलनेत ही शाळा कशी आहे, हे त्यात मोजतात. निकाल आणि प्रगती यांतलं जे चांगलं असेल त्याला ७० टक्के वजन मिळतं. उरलेले ३० टक्के मागे राहणाऱ्या मुलांच्या गटांसाठी. प्रगतीच्या रकान्यात ही शाळा सरस होती. शिक्षकांच्या अनुभवाची वर्षंही त्या अहवालात छापलेली असतात. नवखे थोडे, जुने पुष्कळ. माणसं तिथे टिकून होती. स्नेहल, माझं निम्मं मत त्या रकान्यानेच बनवलं.

उरलेलं निम्मं दुसरीच्या वर्गात बनलं. मुख्याध्यापिका बाईंनी शाळा हिंडून बघू दिली. टेक्सासच्या कायद्यात चौथीपर्यंत एका वर्गात २२ मुलांची मर्यादा आहे, त्यामुळे वर्ग आटोपशीर होता. चार मुलं बाईंभोवती सतरंजीवर बसून आळीपाळीने मोठ्याने वाचत होती, बाकीची आपापलं पुस्तक घेऊन. बाईंच्या हातात वही होती आणि तिच्यात प्रत्येक मुलाचं एक पान. एक मुलगा नुकताच दुसऱ्या देशातून आलेला. तो कोणत्या अक्षरजोडीला अडतो हे त्यांनी वही न उघडता सांगितलं. मी त्याच वस्तीत घर घेऊया म्हणाले. निनाद आता तिसरीत आहे, पुस्तक हातातून सोडत नाही. इथे पाढे मात्र पाठ करून घेत नाहीत, ते मी घरी रोज म्हणवून घेते. हस्ताक्षराकडेही शाळेचं लक्ष कमीच.

आता आपलं नागपूर. तिथे शाळेला असा आकडाच नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. आकड्याच्या जागी फाटकावरचा फ्लेक्स आहे. शिष्यवृत्ती मिळालेल्या पोरांचे फोटो, खाली टक्के. त्या फ्लेक्सवर नसलेली मुलं काय शिकली, हे तुला विचारायचं आहे. देशभर सर्वेक्षणं होतात, पण ती नमुन्याची. एकेका शाळेचा निकाल त्यातून मिळत नाही. प्रथम संस्थेचं असर सर्वेक्षण २००५ पासून होतंय, पण ते गावांत फिरतं, शहरात नाही. यू-डायस म्हणून प्रत्येक शाळेचा अकरा आकडी क्रमांक असतो. त्यावरून पट, शिक्षकांची संख्या, शौचालयं एवढं कळेल. ते बघून घे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक हवा, हे आधी ताडून बघ. पण खरं काम शाळेत जाऊनच होईल.

पहिलीचा वर्ग बघू नकोस, तिथे सगळीकडे गाणी आणि चित्रंच असतात. दुसरी आणि तिसरीत जा. जानेवारी संपला आहे, म्हणजे वर्षाचं बहुतेक शिकवून झालंय. मुख्याध्यापकांची परवानगी घे, दहा ओळींची एक सोपी गोष्ट बरोबर ने, पुस्तकात नसलेली. बाई पुढे करतील त्या मुलाला सोड, मधल्या किंवा शेवटच्या रांगेतल्या दोघा-तिघांना जवळ बसवून प्रेमाने म्हण, "मला वाचून दाखवता का?" परीक्षा घेतल्यासारखं नको, पोरं बुजतात. असरची माणसं घरोघरी जाऊन हेच करतात: अक्षर, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठे थांबतं ते बघायचं. मग ५२ वजा २७ मांडून दे. हातच्याची वजाबाकी तिसरीतल्या मुलाला यायला हवी. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ ला निपुण भारत सुरू केलं, त्याचं उद्दिष्टही हेच आहे: २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीअखेर समजून वाचता यावं आणि साधी गणितं यावीत. तेव्हा तू काही जगावेगळं मागत नाहीस.

हे दोन्ही शाळांत कर, आणि कॉन्व्हेंटमध्ये जास्त बारकाईने कर. ते वर्गात बसू देणार नाहीत असं म्हणाले तर तेही एक उत्तरच आहे. वह्या मागून घे. वर्गातल्या सगळ्या वह्यांत एकच निबंध, एकाच वळणात, त्याच शब्दांत असेल तर तो फळ्यावरून उतरवलेला. एखाद्या वहीत चुकलेलं पण स्वतःचं वाक्य असेल आणि बाईंनी शेजारी लिहून दुरुस्त केलं असेल, तर ती शाळा मला आवडेल.

अमोलरावांच्या इंग्रजीच्या काळजीला मी हलक्यात घेत नाही. मी इथे इंग्रजीवरच पोट भरते. पण मी इथे बघते की ज्या मुलांना घरच्या भाषेत घडाघडा वाचता येतं ती इंग्रजी लवकर उचलतात. ज्यांना कोणत्याच भाषेत नीट वाचता येत नाही ती दोन्हीकडे मागे पडतात. गार्गी घरात मराठी बोलते, आजीशी तासन् तास बोलते. केजीत तिला बऱ्याच इंग्रजी कविता पाठ आहेत, पण त्यातल्या ओळीचा अर्थ विचारला तर ती तुझ्याकडे बघते, हे मी व्हिडिओ कॉलवर पाहिलंय. पालिकेच्या शाळेत सेमी इंग्रजी आहे का, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, ते विचार. पूर्ण इंग्रजीच हवं असेल तर मनपाने आकांक्षा फाउंडेशनच्या साथीने चालवलेल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळाही नागपुरात आहेत, जवळ एखादी आहे का बघा. आणि कॉन्व्हेंटमध्ये गेलात की पहिलीच्या बाईंशी दोन मिनिटं इंग्रजीत बोला. त्या अडखळत असतील तर पोर कोणाचं इंग्रजी ऐकून शिकणार? त्यांचा पगारही विचारा, आडून विचारलात तरी चालेल. तुटपुंज्या पगारावर दरवर्षी बाई बदलत असतील तर मुलाचं पान कोण सांभाळणार?

पालिकेच्या शाळेत वेगळे प्रश्न आहेत. शिक्षक डीएड आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, झालेले असतात, पण वर्गात किती दिवस असतात? निवडणुकीची, बीएलओची म्हणजे मतदारयादीची कामं कोणाकडे आहेत, ते गेले की वर्ग कोण घेतं? जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना बाहेरचं काम देऊ नये असं कायदा सांगतो, पण या तीन कामांतही वर्ग ओस पडतो. पहिली-दुसरी एकत्र बसतात का, तेही बघ. पट कमी असला की बसवतात.

शौचालय स्वतः आत जाऊन बघ. नळाला पाणी हवं, आतून कडी हवी. मुलींच्या शौचालयाला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे असते ते मुलींनाच विचार, बाईंना नको. लहान मुली तिथे जायला लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत, आणि नागपूरच्या उन्हात ते किती वाईट हे तुला सांगायला नको. आपल्याकडे विदर्भातल्या शाळा उन्हामुळेच जूनच्या अखेरीस उघडतात, पण मार्च-एप्रिलची काहिली उरतेच. वर्गावर टिनाचं छत आहे का, पंखे फिरतात का, माठ भरलेला असतो का. हे दुपारी जाऊन बघ, सकाळी नाही.

खिचडीच्या वेळीही जा. नियमाने प्राथमिकच्या ताटात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असायला हवीत. तू मोजू शकणार नाहीस, पण डाळ दिसते की नुसता पिवळा भात, ते दिसेल. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं की त्या अर्ध्या तासात शिक्षक पोरांशी कसे बोलतात. कोणाला "ए" करून हाक मारतात की नावाने, ज्याचे कपडे मळके आहेत त्याच्याशीही त्याच आवाजात बोलतात का. गार्गीला कोणी तरी पुढे नेईलच, ती बोलकी आहे. जे पोर काही न घेता आलंय त्याला ही शाळा किती पुढे नेते, त्यावरून मी शाळेची किंमत करते. अशा मुलाकडे लक्ष असलेल्या शाळेत आपलं मूल दुर्लक्षित राहत नाही.

आणखी एक गोष्ट मनात आहे. ३० सप्टेंबरच्या पटावरून संच मान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. तुझ्यासारखी घरं निघून गेली की पट घटतो, शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे जातात, मग शाळा आणखी रिकामी होते. इथेही तसंच आहे, टेक्सासमध्ये हजेरीवर पैसे मिळतात. प्लेनोच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाने २०२४ मध्ये घटत्या पटामुळे चार शाळा बंद करायचं ठरवलं. पालक रडत होते, पण तोवर मुलंच उरली नव्हती. बाबा पालिकेच्याच शाळेत शिकले, आणि त्या शाळेने त्यांना जे दिलं त्यावर आपण दोघी उभ्या आहोत. म्हणून गार्गीला त्यागासारखं तिथे घाल असं मी म्हणणार नाही. तिचं शिक्षण पणाला लावायचं नाही.

माझं मत स्पष्ट सांगते. दुसरीतल्या तीन पोरांपैकी दोघांनी गोष्ट वाचली, बाई टिकून असतील आणि शौचालयात पाणी असेल, तर पालिकेची शाळा घे. व्हॅनचा तास वाचेल, त्या वेळात ती आजीला गोष्ट वाचून दाखवेल. आणि प्रवेश घेतलास की शाळा व्यवस्थापन समितीत नाव दे. समितीत तीन चतुर्थांश पालकच असावे लागतात, निम्म्या बायका. निधी, खिचडी, शिक्षकांची हजेरी, सगळं तिथे विचारता येतं. विनाअनुदानित कॉन्व्हेंटला ही समिती लागू नाही. तिसरीतल्या पोरांनाही शब्द जुळवता येत नसतील तर ती शाळा नको, मग घरापासून जवळची दुसरी मराठी अनुदानित शाळा बघ आणि तिथेही हेच कर.

या आठवड्यात जमलं तर शुक्रवारी जा, शनिवारी सकाळची शाळा असते आणि दुपारचं काही दिसणार नाही. अमोलरावांना बरोबर ने, एकटी जाऊन त्यांना नंतर समजावू नकोस. पोरांनी काय वाचलं ते मला लगेच कळव, मी वाट बघते.

आई-बाबांना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार. गार्गीला पापा.

तुझी,
ताई