टायमिंग बेल्ट बदलायला आणि तसं लिहून द्यायलाही नकार

ग्राहक सेवा विभागप्रमुख,

तुमच्या हेल्पलाइनशी अकरा मिनिटं बोलून आत्ताच फोन ठेवलाय. 'तुमच्या भावना संबंधित विभागाला कळवू' म्हणे. भावना राहू द्या, बेल्टचं बघा.

गाडी 2014 ची, डिझेल, 1,63,000 किलोमीटर. टायमिंग बेल्ट एकदाच बदललाय, 2019 मध्ये, तुमच्याच इंदूरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये. तुमची पुस्तिका म्हणते, 1 लाख किलोमीटर किंवा 5 वर्षं, जे आधी होईल ते. किलोमीटर भरले नसतील, वर्षं केव्हाच उलटली. मी आपणहून सांगितलं, बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, वॉटर पंप एकदमच बदला. तिथवर खोलायची मजुरी दोनदा कशाला?

सर्व्हिस सेंटरच्या अ‍ॅडव्हायझरने बॉनेट उघडलं. बेल्टचं कव्हर काढलं नाही. इंजिनाला कान लावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "अंकल, मक्खन चल रही है. बेल्ट जाएगा तो आवाज आएगी, तब ले आना." मी म्हटलं, भिया, बेल्ट रबराचा, पिस्टन-वॉल्व्हची वेळ तोच जुळवतो, सांगून तुटत नाही, आवाज येईल तो पिस्टन वॉल्व्हवर आपटल्याचा. तो हसला. शेजारच्या पोराकडे बघून हसला. "इतनी पुरानी गाड़ी में पैसा मत डालो, एक्सचेंज में दे दो." बरं, मग बेल्टची गरज नाही एवढं जॉब कार्डवर लिहून दे. "लिखके तो कंपनी देगी, अंकल."

म्हणून हे पत्र.

चाकांच्या लोअर आर्मचे रबरी बुश स्पीड ब्रेकरवर कटकट करतात. त्यांचं काम थांबू शकतं, निदान ते बोलतात तरी. बेल्ट बोलत नाही, हे तुम्हाला मी सांगायचं? गाडी तुम्ही बनवता! आणि ज्याला बेल्टचं कव्हर काढवेना, त्याने न विचारता एसीत सुगंधी फवारा मारून 900 रुपये लावले.

रामबागेत आमच्या दारात तुमच्या कंपनीची ही तिसरी गाडी. चौथी नसेल.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, मग जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथेच, इंदुरातच दावा लावता येतो.

पुढच्या महिन्यात आईला पुण्याला न्यायचंय, वाटेत सेंधव्यापुढे बिजासन घाट. त्याआधी बेल्टची तारीख द्या, नाहीतर 'गरज नाही' हे लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी द्या. आणि ते 900 रुपये परत करा. वास तिसऱ्या दिवशीच गेला.