तो हमिंगबर्ड नव्हे, शिंजीर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या कंबर तलावाच्या (धर्मवीर संभाजी तलाव) काठी टिपलेले 'हमिंगबर्ड' मोबाइलवर फिरतात, कधी छापूनही येतात. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतो आणि त्याचे नाते पाकोळ्यांशी आहे. आपल्याकडचा तो शिंजीर (सनबर्ड). हमिंगबर्ड हवेत थांबून मध पितो, शिंजीर बहुधा फांदीला धरून, प्रसंगी उलटा लटकून. संध्याकाळी सदाफुलीवर भिरभिरणारा 'पक्षी' मोठा करून पाहावा. मिशा आणि सहा पाय दिसले, तर तो हॉकमॉथ पतंग!

नावातली ही चूक फोटोही बिघडवते. हमिंगबर्ड सेकंदाला ५० च्या आसपास पंख मारतो, म्हणून तिकडे तीन-चार फ्लॅश कमी ताकदीवर लावतात. ते पाहून इथे शिंजिरावर फ्लॅश मारण्याचे काहीच कारण नाही. बसलेल्या शिंजिराला १/१००० सेकंदाचा शटरवेग, फुलापाशी फडफडणाऱ्याला १/२५०० ते १/३२०० पुरतो. ४०० मिमी लेन्स, लेन्सचे छिद्र (ॲपर्चर) एफ ६.३ ते ७.१, ऑटो आयएसओला (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० ची मर्यादा. पक्षी जेमतेम १० सेंमीचा. त्याच्या मागे धावण्यापेक्षा एकच फुललेली फांदी निवडून तिच्यावर फोकस ठेवावा. तो त्याच फांदीवर पुन्हा येतो.

सर्वांत जास्त फसवतो तो रंग. नराची जांभळी-निळी झळाळी रंगद्रव्याची नाही, पिसांच्या सूक्ष्म रचनेतून परतणाऱ्या प्रकाशाची आहे. सूर्य पाठीशी नसेल तर तोच पक्षी कोळशासारखा काळा येतो. मागे उघडे आकाश असेल तर एक्स्पोजर (फोटोतला उजेड) कॅमेऱ्यात +१ करावे. मागे गर्द झाडी असेल तर उलट –०.७. विणीचा हंगाम संपला की जांभळ्या शिंजिराचा नर पिवळसर होतो, गळ्याखाली एक काळी पट्टी उरते. त्याला कोणी 'नवी जात' म्हणू नये. आणि सोलापूरचे ऊन! उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर तापलेल्या बांधावरून हवा थरथरते. मग कितीही महाग लेन्स असो, पिसे लोण्यासारखी विरघळलेली दिसतात. दोष लेन्सला देतात, एवढेच.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पाहावा, एरवी घाणेरी, रुई, जास्वंद. काठावरच्या बेशरमीच्या फुलाला शिंजीर बुडाशी भोक पाडून मध चोरतो, तेव्हा बाजूने उभे राहावे.

साखरपाण्याच्या बाटल्या टांगण्याची रीतही तिकडचीच. इथल्या उन्हात ते पाणी लवकर आंबते. कुंडीत जास्वंद लावणे सोपे. कोळ्याच्या जाळ्याने विणलेले लोंबते घरटे दिसले, तर फांद्या बाजूला करून फोटो काढू नयेत. आडोसा गेला की पिल्ले उन्हात आणि कावळ्याच्या नजरेत येतात.

अशा छायाचित्राखाली 'शिंजीर' असे छापावे, ही विनंती.

आपला,
एक पक्षीनिरीक्षक वाचक, सोलापूर