कुडल संगमाच्या फोटोबद्दल

सोलापूर,
4 फेब्रुवारी

प्रिय अविनाश,

कुडल संगमाचा फोटो मिळाला. 'कृष्णधवल केल्यावर भारी दिसतोय ना?' असं विचारलंयस. फोनवर हो म्हटलं असतं, पण मनाला पटेना, म्हणून लिहायला बसलो.

त्या दिवशी काठावर उभा राहून तू मला काय दाखवत होतास, आठव. भीमेचं पाणी हिरवट होतं आणि सीनेचं गढूळ, मातकट. दोन्ही पाणी एकमेकांना खेटून बरंच अंतर वेगवेगळं वाहत होतं. मधली रेघ तू बोटाने दाखवलीस, मग त्या रेघेसाठीच गुडघाभर चिखलात उतरलास. आणि घरी जाऊन रंग काढलास तशी ती रेघच पुसली गेली रे! आता इकडून तिकडे एकसारखं करडं पाणी दिसतंय.

तसं का झालं सांगतो. दोन रंग डोळ्यांना कितीही वेगळे दिसले, तरी दोघांचा उजळपणा सारखा असला की करड्यात ते एकच होतात. मातकट आणि हिरवट त्या दिवशी नेमके तसेच होते. रंग काढताना ॲपमधला पिवळा आणि नारिंगी स्लायडर (त्या-त्या रंगाचा उजळपणा कमी-जास्त करणारी पट्टी) खाली ओढ, हिरवा थोडा वर घे, रेघ परत दिसेल. फार ओढू नकोस, पाण्यावर दाणे उमटतात. पण माझं ऐकशील तर हा फोटो रंगीतच ठेव. त्यातला रंग शोभेसाठी नाही, फोटोचा विषयच तो आहे.

नान्नजच्या माळरानाच्या फोटोचं उलटं आहे. जूनमधला, पहिल्या पावसाच्या आधीचा. रंगीत बघ की, माळ मळकट, झुडपं मळकट, आणि वर एवढे मोठे ढग असून नजर कोपऱ्यातल्या निळ्या पाटीवरच जाते. हा खुशाल कृष्णधवल कर. ढगांमागे निळं आकाश आहे, त्यामुळे निळा स्लायडर खाली नेलास की ते काळवंडेल आणि ढग उठून येतील. फिल्मच्या काळात हेच काम भिंगापुढे लाल फिल्टर लावून करायचे, तो निळा उजेड अडवतो. मात्र एप्रिल-मे महिन्यातल्या आपल्या पांढऱ्याफटक आकाशावर ही युक्ती चालत नाही. तिथे निळं काही नसतंच, स्लायडर काळवंडवणार काय? म्हणूनच 'फोटो फसला की कृष्णधवल कर' हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. रंग काढल्यावर उरतो उजेड आणि आकार, तेही नसतील तर फोटोत राहिलं काय? आणि तोच माळ डिसेंबरात, गवत सोन्यासारखं पिवळं आणि त्यात काळवीट उभा असताना मिळाला, तर रंगाला हात लावू नकोस.

आता सेपियाबद्दल. भुईकोट किल्ल्याचा फोटो तू तपकिरी करून टाकलास, 'जुना वाटावा' म्हणून. अरे, तो दगड काळा आहे, सकाळच्या तिरक्या उन्हात त्याची छिद्रंसुद्धा मोजता येतात. त्याला जुनं वाटायला तपकिरी कशाला लागेल? मुळात सेपिया टोनिंगमध्ये, म्हणजे फिल्मच्या काळात कृष्णधवल छापाला तपकिरी छटा देताना, छापातल्या चांदीचं सिल्व्हर सल्फाइड होतं, आणि ते साध्या चांदीपेक्षा जास्त टिकतं. म्हणजे त्यात टिकाऊपणाचाही हिशेब होता. आपण आता नुसती आठवण म्हणून तो रंग फासतो.

टोन, म्हणजे कृष्णधवल फोटोवरची अशी रंगाची छटा, मला नकोच आहे असं नाही. संक्रांतीच्या आठवड्यात पहाटे सिद्धेश्वर तलावावर धुकं होतं. देवळाचं शिखर जेमतेम दिसत होतं. तो फोटो मी कृष्णधवल केला आणि सावल्यांत अगदी किंचित निळा टाकला, उजळ भागात थोडी ऊब. एवढा थोडा, की सांगितल्याशिवाय कळू नये. नुसती थंडी जाणवावी. पण लॅबमधून मोठी प्रिंट आणली तर सावल्या शेवाळी हिरव्या आलेल्या! पैसे गेले, त्याहून वाईट वाटलं ते त्या पहाटेचं. टोन केलेल्या फोटोत रंगाचा जरासा झुकावही लगेच नजरेत भरतो. तेव्हापासून आधी 4 बाय 6 ची प्रिंट काढून ती दिवसाउजेडी खिडकीशी धरून बघतो, मगच मोठी. आणि स्क्रीनचा उजेडही कमी ठेवतो, नाहीतर प्रिंट काळी येते.

संगमाची रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाइल, मेलने पाठव. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, तिथे फोटो पार दाबला जातो. मी रंगीत करून पाठवतो, तू तुझ्या पद्धतीने कर, दोन्ही शेजारी लावून बघू. किंवा तूच ये ना. हुरडा अजून आहे, आई रोज विचारते अविनाश कधी येतोय म्हणून. पहाटे उठून हिप्परग्याच्या तलावावर जाऊ, ऊन चढायच्या आत.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
महेश