पुढची तारीख येईपर्यंत त्या मुलाने काय करायचे? : सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा केसपेपर निघतो, डॉक्टर गर्दीतून वेळ काढून पाच-दहा मिनिटे बोलतात आणि समुपदेशनासाठी पुढची तारीख देतात. त्या तारखेपर्यंतचे आठवडे, कधी महिने, मुलाच्या हातात काहीही नसते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला होता. तेवढे समुपदेशक एका वर्षात नेमता येणार नाहीत, हे आम्हालाही कळते. म्हणून मागणी छोटी आहे: मधल्या काळासाठी मोबाइलवरचे अर्ध्या तासाचे मराठी सत्र.

हे हवेतले बोलणे नाही. अमेरिकेत १३ ते १६ वयाच्या २,४५२ मुलांवर अशा एकाच ऑनलाइन सत्राची चाचणी झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतरही नैराश्याची लक्षणे थोडी कमी होती. 'थोडी' हा शब्द महत्त्वाचा. हा उपचाराला पर्याय नाही. आपल्या शेजारी गोव्यात 'संगाथ' संस्थेने शाळकरी मुलांसाठी समस्या, पर्याय, कृती या तीन पायऱ्यांवर मोबाइलवरचा खेळ तयार केला. त्यामुळे सुरुवात शून्यापासून करायची नाही.

सत्राची बांधणी अशी असावी. आधी पाच मिनिटे, मन लागत नाही तेव्हा नेमके काय होते याची ओळख. मग मुलाने एकच अडचण निवडायची, तिच्यावर तीन उपाय लिहायचे आणि त्यातला एक या आठवड्यात कधी, कुठे करणार आणि आड काय येईल, ते ठरवायचे. शेवटी अशाच अडचणीतल्या दुसऱ्या मुलासाठी दोन ओळींचा सल्ला लिहायचा. ही शेवटची पायरी वेळ वाचवायला गाळली जाते. गाळू नये: दुसऱ्याला पटवताना ते आधी स्वतःला पटते. भाषा 'अवसादग्रस्तता'वाली नको, 'कशातच मन लागत नाही'वाली हवी, आणि मजकुरासोबत आवाजही.

सत्र उघडायला ओटीपी नकोच. अनेक घरांत तो वडिलांच्या फोनवर जातो आणि मूल तिथेच थांबते. त्याऐवजी केसपेपरवर सहा अंकी क्रमांक लिहून द्यावा. फोन मध्येच आईला परत द्यावा लागतो, म्हणून सत्र जिथे थांबले तिथूनच पुन्हा सुरू व्हावे.

सर्वांत धोक्याची जागा म्हणजे लिहायची चौकट. तिथे मूल मरणाबद्दल लिहू शकते, आणि शब्द पकडणाऱ्या यंत्रणेवर विसंबता येत नाही. 'मरणाचा अभ्यास आहे' यावर घंटा वाजेल, 'मी नसलो तरी घराचं काही अडणार नाही' हे सुटून जाईल. म्हणून आत्महत्येचे विचार येतात का, हे सुरुवातीलाच सरळ विचारावे. असे विचारल्याने विचार मनात रुजतो, ही भीती निराधार आहे. उत्तर 'हो' आले तर त्याच पडद्यावर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिसावा आणि त्याच दिवशी समुपदेशकाचा फोन जावा. लिहिलेले रोज वाचायला माणूस नेमणार नसाल, तर ती चौकट काढून टाका. मुलाने कागदावर लिहावे.

सत्रानंतर आठवड्याभरात दहा मिनिटांचा एक फोन हवा. सरकारी रुग्णालयांतल्या, किशोरवयीनांसाठीच्या 'मैत्री' क्लिनिकमधल्या समुपदेशकांना दोन दिवस सराव देऊन हे काम सोपवता येईल. सोयीची वेळ मुलालाच विचारावी. फोन दुसऱ्या कोणी उचलला तर काय बोलायचे, हे आधीच लिहून ठेवावे, नाहीतर 'मानसोपचार विभागातून बोलतोय' या एका वाक्याने सगळे बिघडते. अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती ओपीडीतच घ्यावी. त्या दिवशी पालक समोरच असतात.

आता खरी भीती सांगतो. सत्र पूर्ण केलेले मूल 'लाभार्थी' म्हणून मोजले जाईल आणि कोणीतरी त्याचे नाव प्रतीक्षायादीतून काढेल. ऑनलाइन सत्रामुळे कोणाचीही तारीख रद्द होणार नाही वा पुढे जाणार नाही, हे वाक्य शासन निर्णयातच असावे. जिल्ह्यांकडून दोनच आकडे मागवा: क्रमांक मिळालेल्यांपैकी किती मुलांनी सत्र पूर्ण केले आणि किती जण दिलेल्या तारखेला आले. किती जणांनी अॅप उतरवले, हा आकडा पत्रकार परिषदेत छान दिसतो, बाकी उपयोग नाही.

सुरुवात एका शहरी जिल्ह्यात आणि नंदुरबार किंवा गडचिरोलीत सहा महिन्यांसाठी करावी. तिथे भिली वा माडिया आवाजातले ध्वनिमुद्रण लागेलच. घरात स्मार्टफोनच नसेल तिथे हेच सत्र चार पानांवर छापून, पेन्सिलीसह, केसपेपरला जोडून द्यावे.

आपले,
मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करणारे समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ